हमदुल्लाचा टोप

टोप घासून, पुसून ओट्यावर ठेवला होता आणि त्यात काय भरायचं ते दादा गद्र्यांना काही केल्या सुचत नव्हतं. ते लिहायला बसत, अर्धं वाक्य लिहीत, उठत, स्वयंपाकघरात येऊन टोपाकडे बघत आणि पुन्हा टेबलाशी जात. मग ते अर्धं वाक्य कुठे चाललं होतं तेच आठवेना, म्हणून पुन्हा टोपाकडे.

रविवारी त्यांचं व्याख्यान होतं. आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून पलीकडच्या कॉलेजात जायचं, आणि तिथे तासभर बोलायचं. निवृत्तीनंतर दादांना लोक बोलवत नव्हते असं नाही. क्रिकेटच्या सामन्यांत नाणं उडवायला बोलवत. पण अर्थशास्त्रावर बोला, असं इतक्या वर्षांत कोणी म्हणालं नव्हतं. त्यातून विषय खुद्द गुरुवर्यांचा! त्यांच्या मोठ्या ग्रंथाला यंदा अडीचशे वर्षं झाली होती. हे व्याख्यान नीट झालं नाही तर दादांना पुढचा चान्स ग्रंथाच्या तीनशेव्या वर्षी मिळाला असता.

पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसे दादा गुरुवर्यांचं नाव घेत नसत. हा स्कॉटलंडचा गृहस्थ आधी नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. माणसाला दुसऱ्याबद्दल कळवळा का वाटतो यावर त्याने आधी लिहिलं आणि देश श्रीमंत कसे होतात ते नंतर. खाटीक आणि पाववाला आपलं पोट भरतात ते प्रेमापोटी नव्हे, स्वतःच्या फायद्यासाठी, हे त्याने जगाला सांगितलं. दादांनी आयुष्यभर वर्गात हा पाववालाच शिकवला. कळवळ्याचा भाग परीक्षेला नसे, म्हणून तो राहून गेला होता.

गुरुवर्य विसरभोळेपणाबद्दलही प्रसिद्ध होते. एकदा विचारांच्या नादात त्यांनी किटलीत चहाऐवजी पाव आणि लोणी घातलं आणि चहा वाईट झालाय म्हणून तक्रार केली, असं सांगतात. हा किस्सा दादा कौतुकाने सांगत. त्यांच्या बायकोने, सत्यवतीबाईंनी, मात्र त्यापासून धडा घेऊन चहाचं सामान कायम वेगळ्या फळीवर ठेवलं होतं.

त्या सत्यवतीबाई पुण्याला लेकीकडे, राहीकडे, गेल्या होत्या. आणि गुरुवारी सकाळी शेजारची रेहाना दोन वाड्यांमधल्या दगडी गडग्याच्या बेड्यातून, म्हणजे उचलून सरकवायच्या बांबूच्या फाटकातून, आत येऊन टोपभर फणसाची सांदणं देऊन गेली होती. दादांनी तातडीने पुण्याला फोन लावला.

"अगं, रेहानाने सांदणं दिलीत. टोप भरून."

"मग खा की. फोन कशाला?"

"आता टोपाचं काय करू?"

"घासा आणि परत द्या. आणि ऐका, तिचं भांडं रिकामं पाठवू नका हं. चाळीस वर्षांचा शेजार आहे. मी नाही तिथे तर नाक कापू नका माझं."

म्हणजे टोपात काहीतरी घालणं आलं. टोप उलटा करून दादांनी खात्रीही करून घेतली होती. बुडावर सुबक अक्षरांत 'हमदुल्ला' असं कोरलेलं. हमदुल्ला हा रेहानाचा नवरा. मस्कतला उमेदीची वर्षं घालवून परत आलेला आणि आता मासळीचा टेम्पो चालवणारा. टोप त्यांचा, यात शंका नव्हती.

शेवटी दादा वाडीत गेले, वेलची केळ्यांची फणी उतरवली, टोपात बसवली आणि गडग्यापलीकडे देऊन आले. "अगं बाई, सर, तुम्ही कशाला?" असं रेहाना म्हणाली खरी, पण ते तर सगळेच म्हणतात. दादा हात झटकत परत आले आणि सुटल्यासारखे लिहायला बसले. पहिलं पान उत्तम जमलं.

संध्याकाळी टोप परत आला. आत केळ्यांचा हलवा होता, वर काजू लावलेला.

"सर, गरम हाय तंवर खा," रेहाना म्हणाली आणि दादांना काही बोलू न देता गेली.

दादा टोपाकडे बघत राहिले. हलवा खाल्ला, फार सुंदर होता, पण टोप पुन्हा रिकामा झाला. रिकामा टोप घरात असला की दादांना लिहिता येईना. शुक्रवारी सकाळी त्यांनी सोललेले नारळ भरून टोप पोचवला. दुपारी तो खोबऱ्याच्या वड्यांनी भरून आला. मग कैऱ्या गेल्या. त्यांचा साखरआंबा आला. दादांच्या लक्षात आलं, की आपल्याकडून कच्चा माल जातोय आणि तिकडून पक्का माल येतोय. कंपनी सरकारच्या काळात देशाचं जे झालं तेच आता आपल्या वाडीचं होणार. त्यांनी हे वाक्य व्याख्यानात टाकलं, मग पुसलं, कारण त्याच्यावर साखरआंब्याचा डाग पडला होता.

रक्तातल्या साखरेचं काय झालं असेल ते तपासण्याची त्यांची छाती नव्हती.

संध्याकाळी त्यांनी ठरवलं, की हा व्यवहार गुरुवर्यांच्या पद्धतीने संपवायचा. भावनेचा प्रश्न नको. बाजार कशासाठी आहे? ते मुरूडला गेले, बेकरीतून चहात बुडवायचे कडक बटर आणि खारी आणली, टोपात ओतली आणि पोचवली. विकतचं दिलं की समोरच्यालाही विकतचंच द्यावंसं वाटेल, प्रेम हळूहळू कमी होईल आणि दोन्ही घरं मोकळी होतील, असा त्यांचा सिद्धांत होता.

रेहानाने टोपाचं झाकण उघडलं, बटरांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम उतरला. "बटर?" एवढंच ती म्हणाली आणि पदर डोळ्याला लावून आत गेली.

दुकानातलं दिलेलं मनाला लागलं, असं समजून दादा अस्वस्थ होऊन परतले. रात्रभर त्यांनी कूस बदलली. सकाळी टोप आला तो दोघांनी धरून आणला. एक कडी रेहानाच्या हातात, दुसरी तिच्या मुलीच्या, निदाच्या. आत मसालेभात होता, त्यावर केळीचं पान, पानावर पुऱ्या, पुऱ्यांवर बटाट्याची भाजी, आणि बाजूला वाटीत लिंबाचं लोणचं.

"अगं, हे किती!" दादा म्हणाले.

"पोटभर जेवा, सर," रेहाना म्हणाली. "आणि लाजू नका. आपलंच घर हाय."

निदा पनवेलच्या सीएच्या ऑफिसातून सुट्टीसाठी घरी आली होती आणि सुट्टी कांदे चिरण्यात चालली होती. ती दादांकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर दादांना आवडली नाही. बारावीला ती त्यांच्याकडेच अर्थशास्त्र शिकली होती.

आता वाडीत देण्यासारखं फक्त ओल्या सुपाऱ्या आणि झावळ्या उरल्या होत्या. व्याख्यान कसंबसं पूर्ण झालं होतं, म्हणजे कागद भरपूर झाले होते; पण ते वाचून घोटायला हवं होतं, आणि टोप समोर होता. दुपारी दादांच्या मनात एक पाप आलं. सगळे झोपलेत, तेवढ्यात टोप रिकामाच त्यांच्या पडवीत ठेवायचा आणि पळायचं. कोणी दिला, कसा दिला, कोण बघणार?

गुरुवर्य म्हणतात, की प्रत्येकाच्या छातीत एक तटस्थ प्रेक्षक बसलेला असतो आणि तो आपलं वागणं बघत असतो. दादांच्या छातीतला प्रेक्षक सत्यवतीबाईंसारखा दिसायचा आणि तो मुळीच तटस्थ नव्हता. "नाक कापू नका माझं," तो म्हणाला. दादांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि निघाले. एका काखेत टोप, दुसऱ्या काखेत व्याख्यान. जाता-येता तेवढंच घोटून होईल. पुटपुटत ते गडग्याशी आले. बेडं उचलायला दोन्ही हात लागतात, म्हणून त्यांनी कागद टोपात टाकले, बेडं उचललं, पलीकडे गेले, टोप पडवीत ठेवला, आणि तेवढ्यात आतून कडी वाजली. पासष्टी उलटलेला माणूस एवढा पळू शकतो हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

घरी येऊन, पाणी पिऊन, ते विजयाने टेबलाशी बसले. टेबल स्वच्छ होतं. टेबलावर एकही कागद नव्हता.

कागद टोपातच राहिले होते. जाऊन मागावं? पण भांड्यातून दिलेली वस्तू परत मागायची कशी? 'ती चुकून दिली' म्हणावं, तर मग टोप मुद्दाम रिकामा ठेवायला आलो होतो हेही सांगावं लागणार. ते अंगणात आले आणि गडग्यापलीकडे बघतात तो रेहानाच्या मागील दारी धूर! गुरुवर्यांनी मरण्यापूर्वी आपली हस्तलिखितं मित्रांकडून जाळून घेतली होती, हे दादांना आठवलं. पण ती त्यांनी स्वतः सांगून जाळली होती.

पलीकडे हमदुल्ला टेम्पो धूत होता.

"हमदुल्ला, टोप... मिळाला का?"

"मिळाला, सर." हमदुल्लाने नळी बाजूला केली आणि फार मायेने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही काळजी करू नका. बाईमाणूस लागलंय कामाला. सकाळपर्यंत होतंय."

"कामाला म्हणजे? पेटवलं का काय?"

"पेटवली ना, मोठी चूल. मेहमान हायत रात्री."

यापुढे विचारण्याचा धीर दादांना झाला नाही. ते घरात गेले आणि आठवून आठवून व्याख्यान पुन्हा लिहू लागले. खाटीक आला, पाववाला आला, गुरुवर्यांचा टाचण्यांचा कारखाना आला, पण ते एकमेकांना भेटेनात. पहाटे त्यांनी कागद चुरगाळले आणि कॉलेजला 'तब्येत बरी नाही' असं कळवावं का, याचा विचार करू लागले. चाळीस वर्षं ज्याच्यावर बोलावं म्हणून जीव तळमळला, त्या माणसावर बोलायची वेळ आली आणि हातात कागद नाही. त्यांना खरोखर रडू येऊ लागलं.

बोटीची वेळ होत आली तेव्हा बेडं वाजलं. निदा एकटीच आली होती. टोप तिने पायरीवर ठेवला आणि झाकण काढलं. आत फडक्यात बांधलेली घावनं होती, आणि घावनांवर, प्लास्टिकच्या पिशवीत, पांढरीस्वच्छ टाइप केलेली पानं.

"सर, तुमचं भाषण."

दादांनी पानं छातीशी धरली. मग ती चाळली. "पण... एवढंच? मी तर गठ्ठा..."

"बाकीचं गाळलं, सर. मुद्दा एकच होता. तो तुम्ही फिरवून फिरवून सांगितला होता." ती पायरीवर बसली. "अब्बा म्हणाले, सरांनी नारळ पाठवले तर वड्या केल्या, आता भाषण पाठवलंय तर ते करून द्या. आता सर, एक बोलू? रागवू नका. आता टोप पाठवू नका. अम्मीचा खांदा धरलाय आणि माझी सुट्टी संपली."

"अगं, मलाही नकोय! पण तुमचा टोप मी ठेवून कसा घेऊ?"

निदाने त्यांच्याकडे पाहिलं. "आमचा?"

"मग कोणाचा?"

"सर, टोप तुमचा हाय. पाडव्याला सत्यवतीकाकूंनी यातनं श्रीखंड दिलं होतं. ईदच्या गडबडीत द्यायचा राहून गेला. परवा अम्मीला आठवलं. खाली कसा द्यायचा, म्हणून सांदणं घातली."

"त्याच्यावर तुझ्या अब्बांचं नाव कोरलंय!" दादांनी टोप उलटा केला. घावनं पडता पडता निदाने झेलली.

"अब्बांनीच तुम्हाला दिला ना! तुम्ही रिटायर झालात तेव्हा, सत्काराला, स्टेजवर. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं, सर."

दादांना सत्कार आठवला. शाल आठवली. शाल पांघरून आपण महागाईवर बोललो होतो हेही आठवलं. टोप मात्र आठवला नाही.

"म्हणजे मी माझाच टोप तुम्हाला परत देत होतो."

"आणि आम्ही तुम्हाला."

"पण मग तुम्ही विचारलं का नाहीत? माणूस आपलंच भांडं भरून पुन्हा पुन्हा पाठवतो, तर का पाठवतो?"

निदाने घावनांचं फडकं पुन्हा बांधलं. मग खाली बघत म्हणाली, "अम्मीला वाटलं, काकू न्हायत, सरांची जेवणाची आबाळ होते. मागायला लाज वाटते, म्हणून टोप पाठवतात. केळी आली, अम्मी म्हणाली, सरांना हलवा खावासा वाटतोय. नारळ आले, म्हणाली, वड्या. बटर पाठवलंत तेव्हा तर ती रडली. सरांवर बटर खायची पाळी आली, म्हणाली. आणि भाषण आलं तेव्हा अब्बांचं तोंड उतरलं. म्हणाले, सरांना आता लिहायलाही होईना."

दादांना शरम वाटली, आणि शरमेच्या खालून दुसरंच काहीतरी वर येऊ लागलं. दुसऱ्याच्या जागी स्वतःला उभं करून बघणं, गुरुवर्यांनी यावर अख्खा ग्रंथ लिहिला होता. इथे दोन घरं एकमेकांच्या जागी उभी राहून बघत होती. दोघांनीही साफ चुकीचं पाहिलं होतं, आणि त्या चुकीवर दादा चार दिवस राजासारखे जेवले होते.

"निदा," ते म्हणाले, "तुझ्या अम्मीला सांग, हलवा मला खरंच खावासा वाटत होता. मला ते माहीत नव्हतं एवढंच."

कॉलेजच्या सभागृहात पंखे गरगरत होते आणि मुलं हजेरीसाठी बसवलेली होती. दादांनी निदाची पानं वाचायला सुरुवात केली आणि मधेच ठेवून दिली. मग त्यांनी टोपाची गोष्ट सांगितली. सांदणांपासून बटरापर्यंत, पळून जाण्यासकट. मुलं हसली, मोबाईल खाली ठेवून हसली. "मी चाळीस वर्षं वर्गात पाववाला शिकवला," दादा म्हणाले, "आणि तो बरोबरच आहे. पाव त्याच्या फायद्यासाठीच मिळतो. पण नुसता पाव खाणाऱ्याकडे बघून कोणीतरी रडतं, हेही गुरुवर्यांनीच लिहून ठेवलंय. ते मी शिकवायचं सोडून दिलं होतं. ते आज शिकवतो." त्यानंतर ते तासभर बोलले आणि कोणी उठलं नाही. टाळ्या थांबेनात. दादांचे डोळे भरून आले.

मग सत्कार. प्राचार्य कुलदीप यांनी शाल घातली, श्रीफळ दिलं आणि कॉलेजचं नाव कोरलेला स्टीलचा मोठा झाकणाचा डबा त्यांच्या हातात ठेवला. फोटोवाला म्हणाला, "सर, इकडे बघा." दादा इकडे बघत होते, पण त्यांचे हात चार दिवसांच्या सवयीचे झाले होते. हातांनी झाकण काढलं, डबा रिकामा आहे हे पाहिलं, त्यात श्रीफळ टाकलं, झाकण लावलं आणि डबा प्राचार्यांना परत दिला.

मग प्राचार्यांनी माइक घेतला. "पाहिलंत?" ते म्हणाले. "सरांनी भेटसुद्धा संस्थेलाच परत केली!" सगळं सभागृह उभं राहिलं. दादांना खुलासा करायचा होता, पण बोटीची वेळ झाली होती आणि उभ्या राहिलेल्या लोकांना बसवणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

सत्यवतीबाई पुण्याहून आल्या, त्यांनी सगळं ऐकलं, टोप स्वतःच्या हाताने माळ्यावर टाकला आणि रेहानाचा खांदा शेकायला गेल्या. घर शांत झालं. आठवडा नीट गेला. आणि शनिवारी खाडीपलीकडच्या दिघीहून सुटलेल्या बोटीतून उतरून कॉलेजचा शिपाई दारात आला. त्याच्या हातात तोच डबा होता, गच्च भरलेला, वर रुमाल बांधलेला.

"प्राचार्यसाहेबांनी दिलाय. म्हणाले, सरांनी नारळ घालून दिला होता, खाली कसा ठेवायचा. मॅडमनी आंबापोळी घातलीय."

सत्यवतीबाईंनी डबा उलटा करून कोरलेलं नाव वाचलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. "हा कोणाचा?"

"मला दिला होता, म्हणजे आपला," दादा म्हणाले. "पण मी तो परत केला, म्हणजे त्यांचा. आता त्यांनी पुन्हा पाठवलाय, म्हणजे..."

"काय ते ठरवा. मला आंबापोळी काढून घेऊन घासायला टाकायचाय."

दादा अंगणात बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिले. गुरुवर्यांनी याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी कोयता उचलला आणि ते वाडीत केळ्यांच्या घडाखाली जाऊन वर बघत उभे राहिले.

गडग्यापलीकडून रेहानाने ते पाहिलं. हातातलं काम टाकून ती लगबगीने घरात गेली आणि तिने मागलं दार आतून लावून घेतलं.